नित्यवाचनाचा नेम आणि दारची हाक

आषाढी करून वारकरी घरी येतो तेव्हा त्याच्या टाचांना भेगा पडलेल्या असतात, पिशवीत बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद असतो, आणि मनात एक निश्चय असतो. आता हरिपाठ चुकवायचा नाही. रोज माउलींच्या चार ओव्या वाचल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. निश्चय खोटा नसतो. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेत त्याचा एकही दिवस हरिपाठ चुकलेला नसतो. पाऊस झाला, राहुटीत पाणी शिरले, पायाला फोड आले, तरी चुकला नाही. मग घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत असे काय होते की पोथी पुन्हा रुमालात जाते आणि त्या रुमालाची गाठ पुढच्या आषाढीपर्यंत सुटत नाही?

भक्ती कमी पडली, असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही. वाटेवर मुक्कामाला पोहोचले की विणेकरी उभा राहतो, टाळ वाजू लागतात, आणि पाय ओढत आलेला माणूसही आपोआप ओळीत येऊन उभा राहतो. त्या वेळी त्याला कोणी विचारीत नाही की बाबा, तुझे मन लागते आहे का. तिथे नेम एकट्याच्या खांद्यावर नसतो, पुष्कळांच्या खांद्यावर असतो. घरी आल्यावर तोच नेम एकट्याने उचलायचा, आणि तोही दूध काढणे, मुलांची शाळा, एसटीची वेळ, आणि अलीकडे खिशात वाजणारा मोबाइल यांच्या रेट्यात. भार तेवढाच राहिला, खांदे कमी झाले. यात भक्तीला दोष देऊन काय उपयोग?

मुळात आपला ग्रंथ एकट्याने कोपऱ्यात बसून मुकाट्याने वाचण्यासाठी जन्मलेलाच नाही. शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी तो सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. समोर श्रोते होते. ग्रंथात ठिकठिकाणी माउली त्या श्रोत्यांशी बोलतात, त्यांना अवधान मागतात, मध्येच लाडिकपणे त्यांची क्षमाही मागतात. पुढे साडेपाचशे वर्षे हा ग्रंथ हाताने उतरलेल्या पोथ्यांतून चालला. गावात पोथी एक, वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, अशी ती रीत. सन १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली आणि मग हळूहळू ती घरोघर गेली. हे आपले भाग्यच. पण घरोघर गेली म्हणजे घरोघर वाचली गेली असे मात्र नव्हे. कित्येक घरी आम्ही पाहिले आहे, पोथीला रोज हळदकुंकू वाहिले जाते, इतके की कडेची पाने एकमेकांना चिकटून बसली आहेत. पूजा अखंड चालू, आणि पान एकही उलटलेले नाही!

नाथमहाराजांचे उदाहरण या बाबतीत आम्हांला फार मोठे वाटते. तीनशे वर्षे हातोहात उतरून घेताना ज्ञानेश्वरीत चुकीचे पाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये नाथांनी अनेक प्रती पाहून तो ग्रंथ शुद्ध केला. आपण ही गोष्ट नाथांचा उपकार म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण वाचक म्हणूनही नाथांकडे एकदा पाहावे. चुकलेला शब्द कोणाला दिसतो? जो शब्दापाशी थांबतो त्याला. घाईने पुढे जाणाऱ्याला चुकलेला पाठ आणि खरा पाठ सारखाच गोड लागतो.

आता किती वाचावे, हा प्रश्न प्रत्येक माळकरी विचारतो. साधा हिशेब आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात एक आवर्तन होते. मोठ्याने, शब्द न गिळता वाचले तरी पंचवीस ओव्यांना दहा-बारा मिनिटे पुष्कळ झाली. रोज नऊच वाचल्या तर हजार दिवस लागतील, म्हणजे पावणेतीन वर्षे. तेही काही वाईट नाही. मात्र 'रोज एक अध्याय' असा नेम उत्साहाच्या भरात कोणी करू नये. बाराव्या अध्यायाच्या ओव्या २४७ आणि अठराव्याच्या अठराशेंहून अधिक. बाराव्याला माणूस म्हणतो, अहो, किती सोपे आहे! आणि अठराव्यापाशी गाडी चिखलात रुतते. एकदा रुतली की लाज वाटते, आणि लाज वाटली की पोथीकडे पाहावेसेच वाटत नाही. नेम मोडण्यापेक्षा ही लाज जास्त घातक. आज चुकले म्हणून उद्या दुप्पट वाचू, हाही विचार टाकून द्यावा. उद्याचे दुप्पट परवा तिप्पट होते. ते सावकाराचे व्याज आहे. माउलीच्या घरी व्याज नाही. चुकले तर त्याच रात्री झोपण्यापूर्वी एक ओवी म्हणावी आणि दुसऱ्या दिवशी आपले नेहमीचे माप धरावे.

वेळेबद्दल आमचा अनुभव एवढाच की स्वतंत्र वेळ काढू म्हणणाऱ्याला ती कधी मिळत नाही. जे काम घरात कधीच चुकत नाही त्याच्या मागोमाग वाचन ठेवावे. कोणाकडे ते सकाळचे स्नान असेल, कोणाकडे तिन्हीसांजेचा दिवा. दिवा लागला की पोथी उघडायची, इतके ते जोडले गेले पाहिजे की एखादे दिवशी पोथी न उघडल्यास दिव्यालाच चुकल्यासारखे वाटावे. आणि पोथी उंच फळीवर नको, हाताशी असावी.

सप्ताहातल्या पारायणाविषयी थोडे बोलणे भाग आहे. सप्ताहाला आमचे वंदन आहे. शंभर-दोनशे माणसे एका सुरात वाचतात, वीणा आठ दिवस खाली टेकत नाही, ज्याला अक्षर नीट लागत नाही तोही शेजाऱ्याच्या आवाजावर तरून जातो; हे दृश्य ज्याने पाहिले त्याला त्याचे मोल सांगायला नको. परंतु सात दिवसांत नऊ हजार म्हणजे दिवसाला जवळजवळ तेराशे ओव्या होतात. तिथे वाचणाऱ्याला थांबता येत नाही. ओढ्याला पूर यावा तसे ते आहे. पुराने ओढा स्वच्छ होतो हे खरे, पण रोजच्या पिण्याला आडाचे पाणी लागते. पारायण झाले, आता वर्षाची काळजी मिटली, असे जो मानतो त्याने दिवाळीला पोटभर जेवून पुढच्या दिवाळीपर्यंत उपाशी राहून पाहावे.

आणखी एक म्हणणे नेहमी ऐकू येते: कळो न कळो, कानावर पडले की पुण्य लागते. हे म्हणणे आम्ही सरसकट झिडकारीत नाही. मूल आधी शब्द ऐकते, अर्थ मागून येतो. पण नामदेवरायांनी ग्रंथाची थोरवी सांगताना एकाच ओवीची गोष्ट केली आहे, आणि ती नुसती वाचण्याची नव्हे, अनुभवण्याची. विनोबांच्या मातोश्रींची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यांना गीता वाचायची होती. संस्कृत समजेना, मराठी अनुवाद आणून दिला तर तोही अवघड वाटला. तेव्हा त्या माउलीने मुलालाच सांगितले की मग तूच का करीत नाहीस? मातोश्री १९१८ मध्ये गेल्या आणि 'गीताई' १९३२ मध्ये छापून आली. न समजता म्हणत राहायला ती बाई तयार झाली असती, तर कदाचित महाराष्ट्राला गीताई मिळाली नसती. न कळण्याची खंत हीसुद्धा वाचनाचाच एक भाग आहे. ती ज्याला उरली नाही त्याचे वाचन थांबले असे समजावे, मग ओठ कितीही हलोत.

हे सगळे आम्ही इतक्या सहजपणे लिहितो खरे, पण ज्या गोष्टीमुळे हा विषय आमच्या मनाला लागून राहिला ती अजून सांगितलीच नाही. ती सांगताना संकोच होतो.

चाळीसेक वर्षे झाली असतील. आमचा पंचवीस ओव्यांचा नेम तेव्हा नवा होता आणि आम्हांला त्याचा अभिमानही होता. स्नान करून पोथीपुढे बसायचे, पंचवीस झाल्याशिवाय उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही. घरच्यांनाही ताकीद होती. पावसाळ्याचे दिवस होते. तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवरण चालले होते. बाहेर चिखलात पाऊल वाजले आणि शेजारच्या वस्तीवरचा तरुण दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, गाडी जुपता का? आई रात्रीपासनं तळमळतीय. तालुक्याला न्यायला पायजे."

आमच्या अकरा ओव्या राहिल्या होत्या. आम्ही डोळे पोथीवरून उचलले नाहीत. उजवा हात तेवढा वर केला, तळवा त्याच्याकडे करून. थांब.

तो थांबला. पायरीवर उभा राहिला. पागोळ्या त्याच्या खांद्यावर पडत होत्या हे डोळ्याच्या कडेने दिसत होते, आणि खरे सांगायचे तर त्या अकरा ओव्या आम्ही रोजच्यापेक्षा घाईने वाचल्या, म्हणजे ना धड वाचन झाले ना धड उठणे. अकरावी संपवून, पोथीला नमस्कार करून बाहेर आलो तर पायरीवर कोणी नव्हते. चिखलात पावले उमटली होती, ती ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे गेली होती. तिकडून त्याने दुसऱ्याची गाडी आणली, तासभर गेला. त्याची आई वाचली. मराठीत 'वाचणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. त्या सकाळी एक अर्थ त्या माउलीच्या वाट्याला आला, तो आमच्यामुळे नव्हे. दुसरा आमच्या वाट्याला आला असे आम्ही समजत होतो, तो आला नव्हता.

त्या दिवशी आम्हांला वाईट वाटले, पण फार नाही. मनाने लगेच समर्थन शोधले: नेम म्हणजे नेम. पुंडलिकानेही प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवलेच की! वर्षभर हे समर्थन पुरले.

पुढच्या पावसाळ्यात आवर्तन फिरून पुन्हा त्याच पानावर आले. तिथे माउली ज्ञानी पुरुषाची अहिंसा सांगताना त्याच्या एकेका अवयवाचे वर्णन करतात. त्याचे पाऊल कसे पडते, की जीवजंतू दुखावू नयेत. त्याचे बोलणे कसे असते, की स्नेह आधी पोहोचतो आणि शब्द मागून येतात. मग हातांची पाळी येते. त्या पुरुषाचे हात कशासाठी उचलले जातात? नमस्काराला जोडण्यासाठी, भ्यालेल्याला अभय देण्यासाठी, पडलेल्याला उठवण्यासाठी, दुखणाऱ्याला हलकेच स्पर्श करण्यासाठी. आम्ही वाचता वाचता थांबलो. हेच पान होते. या ओव्या पुढ्यात असताना आमचा हात उचलला गेला होता, आणि तो कशासाठी उचलला गेला होता हे पायरीला माहीत होते.

पुंडलिकाचे समर्थनही तिथेच गळून पडले. पुंडलिकाने थांबवले ते कोणाला, आणि कशासाठी? आईबापांचे पाय चेपायचे राहिले होते म्हणून त्याने देवाला थांबवले. आम्ही देवाची पोथी राहिली होती म्हणून एका आईच्या मुलाला थांबवले. दिसायला दोन्हींत वीट एकच. पण आम्ही ती उलटी टाकली होती. देव विटेवर अठ्ठावीस युगे उभा आहे असे आपण रोज आरतीत म्हणतो. तो उभा राहू शकतो, त्याला घाई नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला घाई असते.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणणे रास्त आहे, की एकदा ही वाट मोकळी केली म्हणजे नेम राहिलाच कुठे? आज शेजारी आला म्हणून उठलो, उद्या पाहुणा आला म्हणून, परवा गावात तमाशा आला म्हणून. मनाला सबब हवीच असते, आणि 'सेवा' हे तर सबबीचे फार सोवळे नाव आहे. हे आम्ही मान्य करतो. आम्हांला यावर पक्का तोडगा सापडलेला नाही. एवढे मात्र ध्यानात आले आहे की दारची हाक आणि मनाची सबब यांचे चेहरे वेगळे असतात. हाक बाहेरून येते, आपल्याला नको असताना येते, आणि तिच्यासाठी उठताना काहीतरी सोडावे लागते. सबब आतून येते आणि तिच्यासाठी उठताना सुटल्यासारखे वाटते. त्या सकाळी आम्हांला गाडी जुपायचा कंटाळा आला होता, पाऊस होता, बैल नुकतेच वैरणीला लागले होते, ही गोष्ट आम्ही वर्षभर स्वतःपासूनही लपवून ठेवली. म्हणजे त्या दिवशी सबब कोणती होती? शेजाऱ्याची हाक नव्हे. पोथीच सबब झाली होती.

पण म्हणून नेम वाईट ठरतो काय? आम्ही पुष्कळदा विचार केला आहे की त्या चुकीनंतर चिडून नेम सोडला असता तर काय झाले असते. ते पान पुन्हा आमच्यासमोर आलेच नसते. एखाद्या सप्ताहात आले असते तर तेराशे ओव्यांच्या ओघात निघून गेले असते. रोज पंचवीसच्या चालीने जात होतो म्हणून ते वर्षाने परत आले, आणि आमच्याशी बोलण्याइतके थांबले. ज्या नेमाने आम्हांला चुकवले त्यानेच चूक दाखवली, आणि हे कोडे आमच्याने अजून नीट सुटलेले नाही.

त्यानंतर दोन बदल केले. पोथीत मोराचे पीस ठेवले. कोणी आले की हात वर करायचा नाही. पीस पानात घालायचे, पोथी मिटायची आणि विचारायचे, काय पाहिजे? दहातले नऊ जण विळा किंवा काडेपेटी मागायला आलेले असतात, परत येऊन वाचायला दोन मिनिटेही मोडत नाहीत. दुसरे म्हणजे वाचन सकाळच्या देवघरातून संध्याकाळच्या ओट्यावर आणले, मोठ्याने, येईल त्याला ऐकू जाईल असे. पहिले काही दिवस घरचीच दोन माणसे होती. मग एके दिवशी तीच शेजारची माउली काठी टेकीत आली आणि खांबाला टेकून बसली. तिला अक्षरओळख नव्हती. पण ऐकणे असे की आमची दमछाक व्हावी. चार ओव्या झाल्या नाहीत तोच म्हणायची, "थांब रं बाबा, हे न्हाई कळलं." आम्ही अर्थ सांगू लागलो की आम्हांलाच कळायचे, आपल्यालाही ते नीट कळलेले नव्हते. कधी ती म्हणायची, कालची ती पुन्हा म्हण. तीच ती ओवी तीन-तीन दिवस चाले. पंचवीसचे माप केव्हाच सुटले. त्या आवर्तनाला चार वर्षे लागली.

त्या सकाळचा विषय तिने कधी काढला नाही. तिला ते ठाऊक होते की नाही, हेही आम्हांला कधी समजले नाही. तिला न्यायला मुलगा रोज यायचा. आम्ही त्याला वर येऊन बसायला पुष्कळदा सांगितले. तो "असू द्या" म्हणायचा आणि रस्त्याच्या कडेला, निंबाखाली, आईचे ऐकणे संपेपर्यंत उभा राहायचा.